तळमजल्यावर न्यूट्रल, गच्चीवर वीज

मे महिन्यातला वळीव रात्री मिरजेवर जोरदार कोसळला आणि सकाळी एकाच चार मजली सोसायटीतून फोनवर फोन आले. सगळ्यांचं म्हणणं एकच होतं : वीज पडली, सगळं जळालं. ऑडिओ दुरुस्तीच्या धंद्यात हे वाक्य दर पावसाळ्याच्या तोंडावर ऐकू येतं. ते जसंच्या तसं धरून चालत नाही, कारण नेमकं काय झालं हे कळल्याशिवाय पुढचा बंदोबस्त ठरत नाही.

दुसऱ्या मजल्यावर निवृत्त शिक्षक राहतात. त्यांच्याकडे जुना जपानी स्टिरिओ अँप्लिफायर, दोन उभे स्पीकर आणि एक सबवूफर. सगळं स्पाइक गार्डवर जोडलेलं.

"काका, अँप रात्री चालू होता का?"

"गाणं बंद होतं. पण मागचं बटण दाबायचं राहिलं असेल."

"आणि लाइट आली तेव्हा दिवे कसे होते?"

उत्तर काकूंनी दिलं. "एकदम पांढरेफटक झाले. पंखा तर उडून जातोय की काय असं वाटलं. मग एकेक करून बल्ब गेले." शेजारच्या दारातून तेवढ्यात आवाज आला, "आमच्याकडे उलट पंखा फिरतच नव्हता."

ही दोन वाक्यं पुरेशी होती. एका घरात दिवे प्रखर आणि दुसऱ्यात मिणमिणते असतील, तर गडबड न्यूट्रलची, म्हणजे सगळ्यांचा प्रवाह परत नेणाऱ्या सामाईक तारेची असते. आकाशातल्या विजेचा झटका काही मायक्रोसेकंदांत संपतो. त्यात पंख्याला वेग घ्यायलाही सवड मिळत नाही. सोसायटीच्या वायरमनने पहाटे मेन पाडण्याआधी मीटर लावून आकडे टिपून ठेवले होते, ही त्याची हुशारी. आर, वाय आणि बी या वीज आणणाऱ्या तीन तारा, म्हणजे फेज; घरं त्यांच्यावर वाटलेली. न्यूट्रलपासून प्रत्येकीला एरवी २३० च्या आसपास हवेत, इथे आर फेजला ३५५ व्होल्ट, बी ला २५९, वाय ला १३९. काकांचं घर आर वर.

मीटर खोलीत कारण उघडंच दिसलं. खालून येणारी ॲल्युमिनियमची केबल तांब्याच्या न्यूट्रल पट्टीला साध्या लगने, म्हणजे केबलच्या टोकाला बसणाऱ्या धातूच्या तुकड्याने, आवळलेली होती. हे दोन धातू दमट हवेत थेट एकमेकांना चिकटले की सांध्यावर ऑक्साइड धरतं, रोध वाढतो, सांधा तापतो, गार होताना सैल पडतो आणि पुन्हा जास्त तापतो. त्यात हल्ली घरोघरी एलईडी दिवे आणि एसएमपीएस, म्हणजे उपकरणांतले स्विचिंग पुरवठे. त्यांच्या प्रवाहातला तिसरा हार्मोनिक, म्हणजे मूळच्या तिप्पट वारंवारतेचा भाग, तिन्ही फेजचा मिळून न्यूट्रलमध्ये बेरजेने येतो, एकमेकांना छेद देत नाही. म्हणून फेजचे भार सारखे असले तरी न्यूट्रल तापू शकतो. वादळात गेलेली लाइट परत आल्यावर सगळे एसी एकदम सुरू झाले आणि सांधा सुटला. लगभोवतीचं इन्सुलेशन कोळसा झालं होतं.

न्यूट्रल सुटल्यावर घरं दोन फेजच्या मधे एकामागे एक जोडल्यासारखी होतात. समजायला दोनच फेज धरू : एकीवर १५०० वॉटचा भार, दुसरीवर ३०० वॉटचा. दोन फेजमधल्या ४०० व्होल्टपैकी कमी भाराच्या घराला ३३३ आणि जास्त भाराच्या घराला ६७ मिळतात. म्हणजे काटकसरीने एक दिवा लावून बसलेल्याचंच जास्त नुकसान. आपोआप पडणाऱ्या बटणांपैकी एमसीबी प्रवाह पाहते, आरसीसीबी गळती पाहते; व्होल्टेज दोघीही पाहत नाहीत, म्हणून कुठलंच बटण पडलं नाही.

काकांनी स्पाइक गार्ड हातात दिला आणि विचारलं, "मग हा कशासाठी घेतला होता?" प्रश्न रास्त आहे. उघडल्यावर आत फेज आणि न्यूट्रलच्या मधे एकच व्हॅरिस्टर निघाला, १०डी४७१के. दहा मिलिमीटरची चकती, ४७० व्होल्टच्या आसपास वाहायला लागणारी, सतत ३०० व्होल्ट एसीपर्यंत सहन करणारी. २३० व्होल्टचं शिखर ३२५ असतं, तेव्हा ती शांत असते. ३५५ चं शिखर ५०२ होतं. मग ती सेकंदाला शंभर वेळा थोडी थोडी वाहते, तापते आणि फुटते. ती फुटली, शॉर्ट झाली आणि गार्डमधला फ्यूज उडाला. पण तोवर त्याला जोडलेल्या उपकरणांनी बराच वेळ ३५५ खाल्ले होते. व्हॅरिस्टर हे क्षणाच्या झटक्यासाठी असतं. तास, मिनिटं, अगदी काही सेकंदांचंही जादा व्होल्टेज त्याच्या आवाक्याबाहेरचं.

सबवूफरचा काचेचा फ्यूज आतून काळाकुट्ट होता. नुसता तुटलेला फ्यूज जादा भार सांगतो, काळवंडलेला फ्यूज पूर्ण शॉर्ट. झालंही तसंच : ४०० व्होल्टच्या कॅपॅसिटरवर ५०० आले, त्याचं डोकं फाटलं, पुरवठ्यातले ब्रिज आणि मॉसफेट हे दोन्ही भाग शॉर्ट. सबवूफर 'ऑटो'वर होता, म्हणजे आवाज नसला तरी त्याचा पुरवठा कायम जागा. रिमोटने बंद केलेलं उपकरण विजेपासून सुटं झालेलं नसतं, हे गिऱ्हाइकांना सांगून सांगून घसा बसतो.

अँप्लिफायरचं दुखणं सावकाशीचं. त्याच्या रेल, म्हणजे आतल्या डीसी पुरवठ्याच्या लाइनी, ±४२ व्होल्टच्या; त्या प्रमाणात ६५ वर गेल्या. ५० व्होल्टचे १०,००० मायक्रोफॅरडचे दोन्ही कॅपॅसिटर फुगलेले होते. ट्रान्सफॉर्मरचा गाभा संपृक्त होऊन प्रायमरी, म्हणजे मेनकडची गुंडाळी, तापली आणि तिच्यातला १३० अंशांचा थर्मल फ्यूज उघडला. त्यानेच ट्रान्सफॉर्मर वाचवला. पुष्कळ ठिकाणी हा फ्यूज तारेने शॉर्ट करून 'दुरुस्ती' होते. तसं कधीही करू नये, पुढच्या वेळी घर पेटेल. वरची टेप सोडवून त्याच अंशांचा नवा बसवला, डाग देताना पाय पक्कडीत धरून, नाहीतर डागाच्या उष्णतेनेच तो उघडतो. कॅपॅसिटर त्याच व्यासाचे, पण ६३ व्होल्टचे घातले. पहिला पुरवठा १०० वॉटच्या सिरीज बल्बमधून : बल्ब क्षणभर पेटला आणि मंदावला, म्हणजे आत शॉर्ट नाही. आउटपुटवर डीसी १२ मिलिव्होल्ट, म्हणजे नगण्य. स्पीकरच्या कॉइल ५.८ ओहम दाखवत होत्या, शाबूत.

सबवूफरच्या प्लगची तिसरी पिन मात्र कुणीतरी कापलेली निघाली. घूंऽऽ आवाज येतो म्हणून अर्थिंग तोडायचा हा उपाय फार घरांत दिसतो आणि मनापासून राग येतो. अर्थच्या वेटोळ्यातून येणारा तो आवाज घालवायचा असेल तर सिग्नलच्या आरसीए वायरीत १:१ चा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालावा. पिन परत लावली.

आता चौथा मजला. तिथे घर वाय फेजवर, म्हणजे १३९ व्होल्टवाल्या गटात. एकही बल्ब गेला नव्हता. एव्ही रिसीव्हर सुरू होत होता, ऑक्सवर गाणं स्वच्छ वाजत होतं, पण एचडीएमआयवर चित्र नाही. सेट टॉप बॉक्स मेलेला, टीव्हीचा एकच एचडीएमआय पोर्ट गेलेला. इथे मात्र खरोखर वीज होती, आणि ती लाइनमधून आलीच नव्हती. जवळपास पडलेल्या विजेने गच्चीवरच्या डिशच्या केबलमध्ये झटका उठवला. तो डिशच्या तोंडाशी असलेल्या एलएनबीवरून सेट टॉप बॉक्समध्ये, तिथून एचडीएमआयने रिसीव्हरमध्ये आणि रिसीव्हरच्या तिसऱ्या पिनेतून जमिनीत उतरला. वाटेतल्या नाजूक चिप गेल्या, पुरवठ्याचा भाग तसाच राहिला. भिंतीतला सर्वांत महागडा संरक्षकही इथे निरुपयोगी होता.

बंदोबस्त म्हणून दोन वेगळी कामं ठरली.

मीटर खोलीत ॲल्युमिनियम-तांबं असा बायमेटॅलिक लग क्रिंप करून, म्हणजे दाबून, बसवला. न्यूट्रलमध्ये फ्यूज असता कामा नये, हेही पाहून घेतलं. ज्या घरांनी खर्चाची तयारी दाखवली त्यांच्या डीबीत, म्हणजे घरातल्या वितरण पेटीत, मेननंतर दोन पोलचा ४० अँपिअरचा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर : वर २७० ला आणि खाली १७० ला तोडणारा, परत जोडायला तीन मिनिटांचा उशीर, कारण लाइट येते तेव्हाचे पहिले क्षण सर्वांत वाईट. त्याच्या आधी टाइप २ चा एसपीडी, म्हणजे झटका अर्थिंगकडे वळवणारा संरक्षक, ४० किलोअँपिअरचा. आपल्याकडे मध्यरात्री व्होल्टेज २५० च्या वर चढतं, म्हणून २७५ ऐवजी ३२० व्होल्टवाला घ्यावा, तो उगाच झिजत नाही. त्याची वायर मात्र आखूड हवी : फेजपासून एसपीडी आणि एसपीडीपासून अर्थपट्टी मिळून अर्ध्या मीटरच्या आत. झटक्याच्या वेगाला एक मीटर वायरही हजारभर व्होल्ट आपल्या अंगावर घेते आणि ते उपकरणांना जाऊन मिळतात. नीटनेटकी वळणं देऊन वायर लांबवणारा वायरमन दिसला की तिथेच थांबवावं.

गच्चीवर डिशचा खांब २५ × ३ च्या जीआय पट्टीने इमारतीच्याच अर्थिंगला जोडला. वेगळा खड्डा खणायचा नाही, खणलाच तर तो मुख्य अर्थिंगला बांधायचा. दोन सुट्या खड्ड्यांपैकी एकात हजार अँपिअर उतरले आणि त्याचा रोध ५ ओहम असला, तर दोन्हींत ५००० व्होल्टचा फरक पडतो, आणि तो फरक एचडीएमआयच्या वायरीवर येतो. केबल घरात शिरते तिथे गॅस ट्यूबचा एफ-कनेक्टर संरक्षक लावला. १३ आणि १८ व्होल्ट डीसी व २१५० मेगाहर्ट्झपर्यंतचा सिग्नल जाऊ देणाराच घ्यावा, नाहीतर चॅनल दिसत नाहीत. त्याची हिरवी वायर ६ चौरस मिलिमीटरची, थेट डीबीच्या अर्थपट्टीला. अर्थिंगचा खड्डा मे महिन्यात कोरडा ठणठणीत होता, टेस्टरवर १८ ओहम. क्लँप घासून आवळला, पाणी सोडलं, ६ वर आला.

रिसीव्हरचा एचडीएमआय बोर्ड सुटा मिळेना. मग सेट टॉप बॉक्स टीव्हीच्या शाबूत पोर्टला लावला आणि टीव्हीच्या ऑप्टिकल आउटपुटमधून आवाज रिसीव्हरला दिला. डॉल्बी डिजिटल ५.१ त्यातून व्यवस्थित जातं, आणि त्या वायरीत तांबं नसल्यामुळे डिशकडून येणारी वाट रिसीव्हरच्या अलीकडेच तुटते. त्या घरात आता बोर्ड मागवायचाच नाही असं ठरलं आहे.