पिल्लाला बाहेर कधी काढायचं?

कुत्र्याचं पिल्लू घरी आलं की आठवड्याभरात हा प्रश्न येतोच: "डॉक्टरांनी लसी पूर्ण होईपर्यंत बाहेर काढू नका म्हणून सांगितलंय. मग माणसांची, गाड्यांची सवय लावायची कधी?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, आजपासूनच. फक्त त्याचे पाय रस्त्याला लागू द्यायचे नाहीत.

नव्या गोष्टी सहज पचवायचं पिल्लाचं वय साधारण 3 ते 14 आठवडे. लसीचा शेवटचा डोस मात्र 16व्या आठवड्याच्या सुमारास पडतो. तोवर घरात कोंडलं, तर रिक्षा, छत्री, काठी टेकत येणारे आजोबा, सगळ्यांनाच भिणारं कुत्रं वाढतं. आणि भ्यालेलं कुत्रं पुढे चावू शकतं. पण डॉक्टरांची काळजीही खरी आहे. पार्व्हो या पिल्लांच्या जिवावर बेतणाऱ्या आजाराचा विषाणू आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून मातीत जातो आणि तिथे महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून उचलून न्यायचं.

एक जुनी सोलापुरी चादर घ्या, चौघडी करा. रोज जेवण तिच्यावरच द्या, म्हणजे चादर अंथरली की निवांत बसायचं हे त्याला कळतं. मग तीच मांडीवर अंथरून, पिल्लाला तिच्यावर घेऊन, पार्क चौकाच्या कडेला उभ्या दुचाकीवर बसा. दहा मिनिटं पुरे. बस गेली, घास. हेल्मेटवाला गेला, घास. घास म्हणजे मीठ-मसाला न घातलेल्या उकडलेल्या चिकनचा वाटाण्याएवढा तुकडा. चिकन चालत नसेल तर पनीर. कांदा-लसूण असलेलं काहीही नाही, त्यामुळे शेंगाचटणी लावलेली भाकरीही नाही. दिवसाच्या जेवणातून तेवढं कमी करा.

क्रम मात्र उलटा होऊ देऊ नका. आधी आवाज, मग लगेच घास. आधी घास दाखवलात, तर काही दिवसांनी घास दिसला की आता काहीतरी भयंकर येणार, असं ते धरून बसतं.

इथेच बहुतेकांचं चुकतं: सवय म्हणजे गर्दीत नेऊन सोडणं, असं वाटतं. ओळखीचा घास तोंडाजवळ नेऊनही घेत नसेल, शेपूट पोटाखाली गेली असेल, झोप नसताना जांभया येत असतील, तर तुम्ही फार जवळ गेला आहात. वीस पावलं मागे या. तिथे घास घेतला की तेच त्या दिवसाचं अंतर. भेटेल त्याला कुरवाळायला देऊ नका. माणसं शांतपणे जाताना बघणं, हीच खरी शिकवण.

आपल्या सोलापुरात आवाजाचा विचार वेगळा करावा लागतो. पूर्व भागात यंत्रमागाशेजारी वाढलेलं पिल्लू एकसुरी खडखडाटात झोपतं, म्हणून ते फटाक्यांनाही सरावेल असं समजू नका. अचानक होणारा धमाका ही निराळीच गोष्ट. संक्रांतीची सिद्धेश्वर यात्रा, होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम, मिरवणुकांतले ढोल-ताशे यांची तयारी निदान दोन महिने आधी घरात करा. मोबाईलवर फटाक्यांचा आवाज जेमतेम ऐकू येईल इतका लावा, त्याच वेळी जेवण द्या. कान टवकारून पुन्हा खायला लागलं की ठीक. आवाज दर दोन-तीन दिवसांनी एकच टप्पा वाढवा. खाणं थांबलं तर दोन टप्पे खाली. आणि प्रत्यक्ष दारूकामाच्या रात्री त्याला घरातच ठेवा, खिडक्या बंद, पंखा चालू. भ्यालेल्या पिल्लाला जवळ घेतल्याने भीती वाढते, हा समज चुकीचा आहे. खुशाल जवळ घ्या.

दुसऱ्या कुत्र्याची भेट हवी असेल तर लसी झालेलं, शांत स्वभावाचं मोठं कुत्रं शोधा आणि स्वच्छ गच्चीवर भेटवा. तुमच्या पिल्लाची पहिली लस होऊन आठवडा झालेला असावा.

पुढे रस्त्यावर चालायला लागल्यावर गल्लीतली कुत्री दिसली की आपला हात आपोआप पट्टा खेचतो. गळा आवळला की आपलं पिल्लू समोरच्यावर चिडतं. पट्टा सैल ठेवून अर्धगोल वळसा घ्या. ते गुरगुरलं तर रागावू नका, अंतर वाढवा. गुरगुरण्याबद्दल मार खाल्लेलं कुत्रं पुढे इशारा न देता चावतं.

एप्रिल-मेमध्ये हे सगळं सकाळी सातच्या आत उरका. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसलं नाही, तर त्याच्या तळव्यांनाही सोसणार नाही.