तुम्ही विचारलंत म्हणून: बंदूक का घेत नाही?

महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात माझी ओळख करून देताना कोणीतरी हमखास सांगतो की हे गृहस्थ दर जुलैमध्ये गेटिसबर्गच्या लढाईत उतरतात, आणि मग समोरच्याचा प्रश्न ठरलेला असतो: ‘कोणाकडून लढता, उत्तरेकडून की दक्षिणेकडून?’ मी लढत नाही, नुकसानभरपाईचे अर्ज लिहून घेणारा कारकून म्हणून टेबलामागे बसतो, असे सांगितले की चेहऱ्यावरचे कुतूहल ओसरते. ‘अहो, एवढ्या लांब जायचे, लोकरीचे कपडे घालून उन्हात दिवसभर बसायचे, आणि तेही कारकून म्हणून? मग बंदूक का घेत नाही?’ तुम्हीही परवा हेच विचारलंत. जेवणाच्या रांगेत उभे राहून देता येईल इतके ते उत्तर आटोपशीर नव्हते, म्हणून सवडीने लिहीत आहे.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती आधी देतो. गुलामगिरी टिकवण्यासाठी दक्षिणेतली राज्ये फुटून निघाली आणि 1861 ते 1865 अशी चार वर्षे अमेरिकेत यादवी युद्ध झाले. त्यातली सर्वांत रक्तरंजित लढाई पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्ग या गावी 1863 च्या जुलै महिन्यात 1, 2 आणि 3 तारखेला झाली. दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे 51 हजार सैनिक ठार, जखमी, कैद किंवा बेपत्ता झाले. या युद्धाच्या शताब्दीपासून, म्हणजे 1961 पासून, त्यातल्या लढाया पुन्हा उभ्या करण्याचा छंद इथे चांगलाच फोफावला आणि त्याला रीएनॅक्टमेंट म्हणतात. मूळ रणभूमी राष्ट्रीय उद्यान विभागाच्या ताब्यात असून तिथे दोन फळ्यांनी समोरासमोर गोळीबार करण्याचा देखावा करू देत नाहीत, त्यामुळे हा कार्यक्रम खाजगी शेतांवर होतो. बंदुका जुन्या पद्धतीच्या, ठासणीच्या असतात. त्यांत दारू भरतात, गोळी घालत नाहीत. नळी समोरच्याच्या डोक्यावरून रोखायची आणि ठासणीचा गज शक्यतो बाहेरच काढायचा नाही, असे कडक नियम असतात. तासाभराने बिगूल वाजतो, मेलेले उठतात, अंगावरचे गवत झटकतात आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात.

या देखाव्याला मी नावे ठेवत नाही. दारूच्या धुरात दहा पावलांवरचा माणूस दिसेनासा होतो, हे पुस्तक वाचून समजत नाही. ते तिथे उभे राहिल्यावरच समजते. परंतु ज्या क्षणी टाळ्या पडतात, त्या क्षणापासून पुढे जे घडले ते दाखवणारा तिथे जवळजवळ कोणी नसतो, आणि माझ्या मते लढाईचा मोठा भाग तोच आहे. दोन्ही सैन्ये आठवड्याभरात निघून गेली. मागे राहिले 20 हजारांहून अधिक जखमी आणि सुमारे 2,400 वस्तीचे एक गाव. आयुष्यभर हिशेबतपासनीस म्हणून काम केलेल्या माणसाला भागाकार सुचल्यावाचून राहत नाही: तान्ह्या मुलापासून खाटेवरच्या म्हाताऱ्यापर्यंत दरडोई आठ-नऊ जखमी. देवळे, शाळा, धान्याची कोठारे, घरांच्या बैठका, सगळीकडे माणसे निजवली होती. लष्कराचे मोठे तंबूंचे रुग्णालय उभे राहिले ते जुलैच्या उत्तरार्धात, आणि ते मोडले नोव्हेंबरात. ज्याला तीन दिवसांची लढाई म्हणतात ती गावापुरती साडेचार महिने तरी चालली होती, आणि पैशांच्या हिशेबात तर ती पुढे कित्येक वर्षे मिटली नाही.

त्या गावातली दोन माणसे मात्र सर्वांना ठाऊक असतात. एक जॉन बर्न्स, सत्तरीला टेकलेला म्हातारा, जो पहिल्या दिवशी आपली जुनी बंदूक घेऊन सैनिकांच्या रांगेत जाऊन उभा राहिला, जखमी झाला आणि देशभर गाजला. दुसरी जेनी वेड, वीस वर्षांची मुलगी, जी 3 जुलैच्या सकाळी बहिणीच्या घरी पावासाठी कणीक मळत असताना दारातून आरपार आलेल्या गोळीने जागच्या जागी मेली. म्हणजे न लढणारा माणूस लक्षात राहतो तो एक तर बंदूक उचलल्यामुळे, नाही तर गोळी लागल्यामुळे. उरलेले जे जिवंत राहिले आणि दुसऱ्या दिवशी आपल्या शेतावर परत गेले, त्यांच्याविषयी विचारायला कोणी येत नाही. (आपण तरी काय वेगळे करतो? पानिपतच्या छावणीत न लढणारी माणसे प्रचंड संख्येने होती, आणि आपण त्यांना बुणगे म्हणून, पराभवाचे खापर त्यांच्यावर फोडून मोकळे होतो.)

माझे टेबल या उरलेल्यांचे आहे. पोशाख त्या काळच्या साध्या कारकुनाचा: पट्ट्याऐवजी गॅलिस लावलेली विजार, सुती सदरा, त्यावर जाकीट, गळ्यात काळा रुमाल आणि ढगळ कोट. सदरा हे तेव्हा आतले वस्त्र मानले जाई, त्यामुळे कितीही उकडले तरी जाकीट उतरवून चारचौघांत बसण्याची सोय नाही. चष्मा पातळ धातूच्या काड्यांचा आणि लंबगोल काचांचा आहे, फक्त काचा माझ्या नंबरच्या आहेत. टेबलावर दौत, टाक, टीपकागद आणि आखलेली चोपडी. पेनसिल्व्हेनिया राज्याने असे दावे नोंदवण्यासाठी 1868 मध्ये कायदा केला, म्हणजे 1863 च्या छावणीत माझे टेबल पाच वर्षे आधीच येऊन बसलेले असते. काटेकोर मंडळींना ते खटकते आणि त्यांचे म्हणणे रास्तही आहे. म्हणून मी तसा फलकच लावून ठेवला आहे. एकदा तो फलक लावला की सैनिकांचे गणवेश तपासत फिरणारे माझ्या वाटेला जात नाहीत.

चोपडीत मी नोंदलेल्या हकिकती खऱ्या आहेत. लिडिया लाइस्टर ही विधवा बाई मुलाबाळांसह एका दोन खोल्यांच्या घरात राहत होती. उत्तरेचा सेनापती मीड याने ते घर आपले ठाणे म्हणून घेतले. ती परतली तेव्हा पेरलेला गहू तुडवला गेला होता, दोन टन वाळलेले गवत नेलेले होते आणि तिच्या जमिनीत सतरा मेलेले घोडे पडले होते. त्यांतले काही तिच्या सर्वांत चांगल्या पीचच्या झाडाभोवती जाळले, त्या आचेने ते झाडही गेले. दोन वर्षांनी आलेल्या एका प्रवासी लेखकाला तिने सांगितले की त्या घोड्यांची साडेसातशे पौंड हाडे तिने शंभर पौंडांना पन्नास सेंट या भावाने विकली. गुणाकार करून पाहा, पावणेचार डॉलर होतात. जमेच्या बाजूला तिने सांगितली ती एवढीच रक्कम.

विल्यम ब्लिस याचे शेत दोन्ही फळ्यांच्या बरोबर मध्ये आले. त्याचे भले मोठे कोठार कधी यांच्या तर कधी त्यांच्या ताब्यात जात होते. अखेर 3 जुलैला उत्तरेच्या कनेक्टिकटच्या 14 व्या पलटणीने वरून आलेल्या हुकुमाने ते घरासकट जाळले. ब्लिसने तीन हजार डॉलरांहून अधिक रकमेचा दावा केला. त्याला काहीही मिळाले नाही. यामागचे तत्त्व ऐकण्यासारखे आहे. केंद्र सरकारने 1864 मध्ये केलेल्या कायद्यानुसार, सैन्याने वापरण्यासाठी घेतलेल्या मालाचे पैसे एकनिष्ठ नागरिकाला मागता येत होते, परंतु लढाईत झालेल्या नासधुशीचे मागता येत नव्हते. गवत सरकारी घोड्यांनी खाल्ले तर दावा उभा राहतो. त्याच गवतावरून तोफखाना गेला तर राहत नाही. कुंपणाच्या बल्ल्या सैनिकांनी कॉफी उकळायला जाळल्या तर ते सरपण म्हणून लिहिता येते, पण त्याच बल्ल्या मोर्च्याला लावल्या तर काय लिहायचे?

हा वाद मी पाहुण्यांना घालायला लावतो, आणि माझ्या टेबलाची खरी गंमत त्यात आहे. समोरच्या खुर्चीत कोणी बसले की मी त्याच्या हातात एक चिठ्ठी देतो, त्यात त्याचे काय काय गेले ते लिहिलेले असते. मग मी एकेक बाब विचारत जातो. कोणत्या पलटणीने नेले? पावती आहे का? साक्षीदार कोण? तुम्ही सरकारशी एकनिष्ठ आहात याला पुरावा काय? मोठी माणसे तिसऱ्या प्रश्नाला चिडतात, मुले मात्र नेटाने भांडतात. दहा-अकरा वर्षांच्या एका मुलीने मला सुनावले होते की गोळीबार चालू असताना माझी आजी तळघरात होती, तर पलटणीचा नंबर तिने काय खिडकीतून वाचायचा? या प्रश्नाला त्या काळच्या कारकुनापाशीही उत्तर नव्हते. बंदूक हातात असती तर ती मुलगी माझ्यापासून दोरीपलीकडे राहिली असती आणि तिने फार तर बंदुकीचे वजन विचारले असते.

आता तुम्ही न विचारलेला, पण मनात असलेला प्रश्न: वऱ्हाडातला सावळा माणूस 1860 च्या दशकातला पेनसिल्व्हेनियाचा कारकून कसा शोभतो? शोभत नाही, आणि मी शोभण्याचे सोंगही आणत नाही. ‘मी तो आहे’ असे न म्हणता ‘तो असे करीत असे’ असे सांगण्याची रीत या छंदात मान्य आहे, आणि मी तीच पाळतो. तरीही हे युद्ध फक्त गोऱ्यांचे होते असे समजू नका. ब्लिसचे कोठार जाळणाऱ्या त्या 14 व्या पलटणीत जोसेफ पियर्स नावाचा चीनमध्ये जन्मलेला शिपाई होता. आणि वऱ्हाडाचे म्हणाल, तर दक्षिणेची बंदरे नाकेबंदीत सापडून मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटला तेव्हा आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत कंपन्यांचे पीक आले, प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे सटोडिये कोट्यवधींचे धनी झाले, आणि 1865 च्या एप्रिलमध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आल्याच्या बातमीनंतर भाव कोसळून तो सगळा डोलारा खाली आला. त्या पडझडीत गेलेल्यांची चोपडी मी उघडली तर टेबल पुरायचे नाही. माझा या युद्धाशी संबंध काय, असे इथला कोणी विचारतो तेव्हा मी हा कापूस काढतो, आणि बहुधा तेवढ्याने भागते.

चोपडीतले शेवटचे पान अब्राहम ब्रायन याचे आहे. हा स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकरी. टेकडीच्या कडेला स्वतःची बारा एकर जमीन, लहानसे घर, कोठार आणि फळझाडे. तिसऱ्या दिवशी दक्षिणेच्या सैन्याने जो प्रसिद्ध हल्ला चढवला, तो याच्या दगडी कुंपणापर्यंत येऊन फुटला. ब्रायन त्यापूर्वीच कुटुंब घेऊन निघून गेला होता, कारण थांबण्यात जिवाहून मोठा धोका होता. पेनसिल्व्हेनियात शिरल्यावर लीच्या सैन्यातल्या तुकड्यांनी घोडे, गुरे आणि धान्याबरोबर कृष्णवर्णीय माणसेही पकडून दक्षिणेला नेली. त्यांत गुलामगिरीतून निसटून आलेले होते, तसे जन्मापासून स्वतंत्र असलेलेही होते. गावातले बहुतेक कृष्णवर्णीय लढाईआधीच पांगले आणि काही जण परत आलेच नाहीत. ब्रायन आला. त्याने 1,028 डॉलरांचा दावा केला आणि त्याला 15 डॉलर मिळाले. त्या वर्षी उत्तरेच्या गोऱ्या शिपायाचा महिन्याचा पगार 13 डॉलर होता, म्हणजे किती ते लक्षात येईल.

या पानापाशी मी पाहुण्यांना रकाने वाचायला सांगतो. घोडा नेला तर त्याची किंमत लिहायला जागा आहे, गवताला आहे, मधमाश्यांच्या पेटीलासुद्धा आहे. माणूस नेला तर तो लिहायला रकाना नाही. दक्षिणेचा राखाडी गणवेश घालणारे काही जण हे पान नीट वाचतात आणि बराच वेळ बोलत बसतात. काही जण पान उलटताच उठतात. मी दोघांनाही पाणी विचारतो, कारण दिवसभर लोकरीत ते माझ्याइतकेच उकडलेले असतात, पण पान काही चोपडीतून काढत नाही. संयोजकांपैकी एकाने ‘कौटुंबिक कार्यक्रमाला हे जरा जड होते’ असे सुचवून पाहिले होते. तासाभरात काही हजार माणसे मरण्याचे नाटक शेजारच्या शेतात चालू असताना जड काय आणि हलके काय, हे ठरवणे मला जमले नाही.

तेव्हा बंदूक न घेण्याचे कारण हे असे आहे. बंदुका घ्यायला तिथे पुष्कळ माणसे आहेत. पावती मागणारा मी एकटाच. पुढच्या जुलैत यायचे मनात असेल तर जरूर या, गाडीत जागा आहे. कपडे मी देईन, फक्त बूट आठवडाभर आधी घालून पायाला सैल करून घ्यावे लागतात. वहिनींचे अक्षर चांगले आहे असे ऐकून आहे. साक्षीदारांचे जबाब लिहून घेण्याची जागा गेली दोन वर्षे रिकामी आहे.