पट्टीमागचा कागद

जुनी फेल्टची, म्हणजे केस दाबून केलेल्या जाड कापडाची, हॅट समोर आली की बहुतेकांचे डोळे तिच्या रंगावर, रिबिनीवर आणि काठाच्या डौलावर जातात. माझं बोट आधी आत जातं. कपाळाला टेकणारी चामड्याची पट्टी, म्हणजे स्वेटबँड, जरा बाजूला सारायची आणि मागे काय दडलंय ते पाहायचं. बहुतेक वेळा धूळ निघते. एखादा केस. पण हॅट मूळ मालकाला सैल होत असली, तर तिथे कधी कधी वर्तमानपत्राची चारपदरी घडी सापडते. पिवळी पडलेली, एका बाजूने तेलकट. उलगडली की अर्धी जाहिरात, कुणाच्या तरी लग्नाची दोन ओळींची बातमी, आणि नशीब जोरावर असेल तर कोपऱ्यात तारीख.

ती तारीख हॅटची नव्हे, हॅट सैल झाल्याची. हॅट बहुधा त्याआधीची, एवढाच अंदाज त्यावरून बांधता येतो. केस बारीक कापले असतील, किंवा हॅट थोरल्या भावाकडून आली असेल. काही असो, दुपारचा एक तास त्या चौकोनी तुकड्यात सहज जातो.

मात्र पट्टी उलटवण्याची घाई नको. साठ-सत्तर वर्षांचं कोरडं चामडं पोस्टाच्या तिकिटासारखं बरोबर टाक्यांच्या भोकांवरूनच फाटतं, आणि एकदा फाटायला लागलं की पुढचे टाकेही एकेक करून सुटतात. आधी चामड्याला लावायचं मलम अगदी थोडं, कापडाच्या बोळ्याने, फक्त पट्टीच्या दर्शनी बाजूला लावायचं, एक दिवस थांबायचं, मग पुन्हा थोडं. तेल मनसोक्त चोपडणारे असतात. ते तेल पट्टीतून फेल्टमध्ये उतरतं आणि रिबिनीच्या वर काळपट डागाची रेघ उमटते. मग ती निघता निघत नाही.

कागदाची घडी नसली तरी मागच्या शिवणीपाशी पुष्कळ काही असतं. मापाचं चिटुकलं कागदी लेबल, आणि हॅट अमेरिकन असेल तर बऱ्याचदा कामगार संघटनेचं लेबल. त्यावर नुसतं 'युनायटेड हॅटर्स ऑफ नॉर्थ अमेरिका' असेल तर हॅट साधारण १९३४ च्या आधीची. त्या वर्षी ही संघटना कॅप आणि मिलिनरी (बायकांच्या हॅट) कामगारांच्या संघटनेत मिसळली आणि लेबलावरचं नाव लांबलं. पट्टीवर विकणाऱ्या दुकानाचा पत्ता सोनेरी अक्षरांत छापलेला असतो, तोही वाचावा. शहराच्या नावापुढे एक-दोन आकडी टपाल विभाग असेल तर १९४३ नंतरची, पाच आकडी झिप कोड (तिकडचा पिन कोड) असेल तर १९६३ नंतरची. दुकानदार जुन्या ठशाने वर्षानुवर्षं छापत राहू शकतो, त्यामुळे पत्ता 'यानंतरची' एवढं सांगतो, 'याआधीची' हे छातीठोकपणे सांगत नाही. मॅलरी या अमेरिकन कंपनीच्या हॅटवर स्टेट्सन या दुसऱ्या कंपनीचंही नाव दिसलं तर ती १९४६ नंतरची, कारण तेव्हा स्टेट्सनने मॅलरी विकत घेतली. फिलाडेल्फियाचा स्टेट्सनचा कारखाना १९७१ मध्ये बंद झाला. त्यानंतर ते नाव इतरांनी परवाना घेऊन वापरलं.

बाहेरून अंदाज बांधायचा तर काठ आणि रिबीन बघायची. चाळिशीच्या दशकातला काठ अडीच इंच किंवा त्याहून रुंद, माथा उंच, रिबीन ऐसपैस. साठच्या सुमारास काठ दीड इंचावर आला, माथा बुटका झाला, रिबीन बोटभर उरली. अमेरिकन अध्यक्ष केनेडींनी हॅटची फॅशन संपवली असं हमखास ऐकू येतं. पण १९६१ च्या शपथविधीला ते रेशमी टॉप हॅट घेऊन आले होते, आणि काठ तर त्याआधीपासूनच आक्रसत चालले होते. पण बाहेरच्या पुराव्यावर मी फारसा विसंबत नाही. काठ कात्रीने कमी करता येतो, रिबीन बदलता येते. रिबिनीची कड नखाने किंचित उचलून बघावी. खाली न विटलेलं फेल्ट असतं. वर मातकट दिसणारी हॅट तिथे गडद तपकिरी निघते, आणि तो झाकलेला पट्टा आत्ताच्या रिबिनीपेक्षा रुंद असेल तर मूळ रिबीन गेली म्हणून समजायचं.

फेल्ट ही मोठी विसराळू वस्तू आहे. त्यात ताणा नाही, बाणा नाही. बीव्हर, ससा किंवा रानससा (हेअर) यांच्या कातडीलगतचे बारीक मऊ केस गरम पाणी, दाब आणि घोळणं यांनी एकमेकांत अडकतात. प्रत्येक केसावर सूक्ष्म खवले असतात, ते एकाच दिशेने सरकू देतात, परत फिरू देत नाहीत. आधी एक अवाढव्य, पिसासारखा हलका शंकू तयार होतो आणि तो आक्रसत आक्रसत हॅटएवढा होतो. विणच नसल्यामुळे वाफ मिळाली की ते कुठल्याही बाजूला झुकायला तयार. मेंढीच्या लोकरीचं फेल्टही याच तत्त्वावर होतं, पण ते जड, पावसात लोंबणारं, आणि त्यावर मन लावून केलेला आकार आठवड्यात ढिला पडतो. अंगठा आणि तर्जनीमध्ये काठ धरून वाकवला की फरक लगेच कळतो.

हे केस नीट गुंतावेत म्हणून पूर्वी त्यांना पाऱ्याच्या नायट्रेटचा हात देत. टोकं नारिंगी होत, आणि टोपीकारांचे हात थरथरू लागत. अमेरिकेतल्या डॅनबरी या हॅटच्या गावात त्या थरथरीला गावाचंच नाव पडलं होतं. अमेरिकेत ही पद्धत १ डिसेंबर १९४१ पासून बंद झाली. म्हणून दुसऱ्या महायुद्धाआधीच्या हॅटला वाफ द्यायची तर खिडक्या उघड्या ठेवाव्यात, हातमोजे घालावेत आणि काम संपल्यावर हात धुवावेत. घाबरून हॅट टाकून द्यायचं कारण नाही.

आकार देण्याचं काम चहाच्या किटलीवर भागतं. पहिलं काम म्हणजे पट्टी बाहेर उलटी काढणं. वाफेत ओलं झालेलं चामडं आक्रसतं, कडक होतं आणि हॅटचं माप घेऊन जातं. सगळ्यात जास्त हॅटा इथेच वाया जातात. अस्तर चिकटवलेलं नसेल तर तेही काढावं. मग तोटीपासून वीतभर अंतरावर माथा फिरवत राहायचा, एका जागी वीस-तीस सेकंदांहून जास्त नाही. बोटाला फेल्ट मऊ आणि किंचित दमट लागलं की आतून मूठ घालून जुने खळगे वर ढकलायचे. माथा पूर्ण गोल, उघडा झाला पाहिजे. जुन्या घडीवर नवी घडी पाडायला गेलं की दोन्ही भांडतात आणि दोन्ही दिसतात.

आता मधली घडी. तळहाताच्या कडेने समोरून मागे हलकेच दाबायचं, एका दमात नाही. मग पुढच्या दोन बाजूंचे चिमटे, अंगठा आणि दोन बोटांनी. चिमटे धारदार करायचा मोह आवरावा. दोन्ही खळगे जिथे भेटतात त्या टोकावर फेल्ट आधीच ताणलेलं असतं, तिथले केस तुटतात आणि पुढे त्याच ठिकाणी भोक पडतं. त्यातून सिनेमातले सगळे डिटेक्टिव्ह हॅट नेमकी त्या चिमट्यालाच धरून उचलतात. पाहताना जीव खालीवर होतो. गुन्हेगार सुटला तरी चालेल, हॅट काठाच्या पुढच्या-मागच्या बाजूंना दोन्ही हातांनी धरा!

आकार बसतो तो गरम असताना नव्हे, वाळताना. रात्रभर हात लावायचा नाही. पाऊस खाऊन माथा वर निमुळता झालेला असेल तर किटली पुरी पडत नाही. तिथे मापाचा लाकडी ब्लॉक, म्हणजे डोक्याच्या आकाराचा ठोकळा, हवा, काठ जिथे सुरू होतो तिथे दोरीने आवळून बांधायचं आणि चोवीस तास तसंच ठेवायचं. काठ लाटा मारत असेल तर ओल्या कापडाखालून, खालच्या बाजूने, माथ्याकडून किनारीकडे इस्त्री फिरवायची. किनारीला रिबीन शिवलेली असेल तर वाफ बेताने, कारण जुनी रिबीन आक्रसते आणि फेल्टला सोबत ओढून चुण्या पाडते. स्पिरिटने डाग पुसायला मात्र कधीही जाऊ नये. फेल्टला ताठपणा दिलेला असतो तो बहुधा लाखेने. लाख स्पिरिटमध्ये विरघळते आणि वाळल्यावर चकाकणारा डाग होऊन वर येते. रोजच्या धुळीला ब्रश पुरे, घड्याळाच्या उलट दिशेने, काळ्या हॅटांचा वेगळा आणि फिक्या हॅटांचा वेगळा. कसरीचा संशय आला तर प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांत दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडायची नाही, नाहीतर दव धरून हॅट ओली होते.

फेल्ट सगळं विसरतं म्हणून आपण ते हवं तसं वळवतो. चामडं विसरत नाही. कपाळाच्या जागी पडलेला डाग, पट्टीवर सोनेरी ठशाने उमटवलेली कुणाची तरी दोन आद्याक्षरं, डाव्या बाजूला जास्त झिजलेली कड. तो माणूस हॅट तिरकी घालत असणार. अशी पट्टी थोडी भेगाळली म्हणून उसवून नवी कोरी घालणारे कारागीर आहेत, काम सुबकही करतात. मला ते बघवत नाही. शिवण धरून असेल तोवर राहू द्यावी.

राहता राहिलं माप. हॅटचं माप म्हणजे डोक्याचा इंचातला सरासरी व्यास. अमेरिकन ७⅛ म्हणजे ५७ सेंटीमीटर घेर, ब्रिटिश मापात तीच ७. एका मापाचा फरक म्हणजे घेरात जेमतेम एक सेंटीमीटर, आणि तो कपाळावर फार जाणवतो. आवडलेली हॅट हमखास एक माप लहान निघते. काही अंशी चामडं आक्रसल्यामुळे, काही अंशी आपल्या नशिबामुळे. हॅट आतून ताणणारा लाकडी स्ट्रेचर घालून, जरा वाफ देऊन, स्क्रू दिवसाकाठी अर्धा फेरा फिरवत गेलं तर अर्धं माप निभावतं. त्यापुढे फेल्ट कदाचित देईल, पण पट्टी मागची शिवण सोडते. मग हट्ट धरायचा नाही. ५५ सेंटीमीटर डोक्याचं कुणी ओळखीत आहे का ते बघायचं, आणि त्याला हॅट कशी धरायची ते आधी शिकवायचं.