न्यूरो आयसीयूत कंगवा कशाला?

पेशंटने अजून धड डोळे उघडले नाहीत आणि तुम्ही हातात कंगवा काय देताय, असं नातेवाईक विचारतातच. पण ओळखीची वस्तू हातात आली की कधीकधी हात आपोआप डोक्याकडे जातो, तोंडी सांगून जे होत नाही ते असं होतं, ऑक्युपेशनल थेरपीत (रोजची कामं पुन्हा करता यावीत म्हणूनच्या उपचारात) आम्ही हेच बघत असतो. उठवून बसवायचं तर आधी नर्सकडून ईव्हीडी (मेंदूतलं पाणी बाहेर काढणारी ड्रेनची नळी) क्लॅम्प, म्हणजे बंद करून घ्यायची, कारण डोकं वर गेलं आणि ड्रेन खालीच राहिला तर मेंदूतलं पाणी भराभर वाहून जातं. लुळ्या हाताला धरून तर अजिबात ओढायचं नाही, खांदा निखळतो (हे मामा-काकांना रोज सांगावं लागतं!). आणि घाई नको, २०१५ च्या अव्हर्ट नावाच्या ट्रायलमध्ये स्ट्रोकनंतर २४ तासांच्या आत जास्त उठवाउठव केलेल्यांचा रिझल्ट उलट कमीच आला होता.