‘ही वॉक्ड बाय नाइट’ला मराठी सबटायटल : तिसरा आठवडा

५२व्या मिनिटापर्यंत पोचलो. चित्रपट ७९ मिनिटांचा, तेव्हा अजून बराच पल्ला आहे असं वाटेल. पण शेवटच्या पाठलागात कोणी फारसं बोलतच नाही, त्यामुळे जड काम उरकलंय.

नव्यांसाठी थोडक्यात: १९४८चा, लॉस एंजेलिसच्या पोलिसांचा. दिग्दर्शक म्हणून नाव आल्फ्रेड वर्करचं, पण बराच भाग अँथनी मानने केला, श्रेय न घेता. कॅमेरा जॉन ऑल्टनचा. पोलिसाला गोळी घालून पसार होणारा रॉय (रिचर्ड बेसहार्ट) बेतलाय अर्विन वॉकर नावाच्या खऱ्या गुन्हेगारावर.

या आठवड्यात घाम काढला तो चेहरा जुळवायच्या सीनने. साक्षीदार एका खोलीत, पडद्यावर स्लाइडी, आणि जो तो आपल्याला आठवतील तसे गुन्हेगाराचे नाक-डोळे सांगतोय. दोन ओळींत हे मावणार कसं? निम्मं सरळ उडवलं. ‘नाक अजून बारीक’ एवढं ठेवलं, बाकी चेहरे बोलतात. तिथला लॅबवाला म्हणजे जॅक वेब. याच सेटवर पोलीस सल्लागाराशी झालेल्या गप्पांतून त्याला ‘ड्रॅगनेट’ ही पोलिसांवरची मालिका सुचली. रेडिओवर ती १९४९मध्ये आली.

दुसरं दुखणं तू-तुम्हीचं. पहिल्या खर्ड्यात सगळे एकमेकांना ‘आपण’ म्हणत होते, तहसील कचेरीतलं पत्र वाचल्यासारखं वाटलं! आता पोलीस कॅप्टन ब्रीन हाताखालच्या ब्रेननला ‘तू’ म्हणतो, ब्रेनन त्याला ‘साहेब’. मात्र ब्रीन त्याला केसवरून काढतो तिथे मुद्दाम ‘तुम्ही’वर गेलो. एका शब्दात खोलीतली हवा गार झाली. मूळ इंग्रजीत ही सोयच नाही, म्हणून जरा खूश आहे.

अडलोय ते रॉयच्या पळवाटांपाशी. शहराखालून पावसाचं पाणी नेणारे हे बोगदे, माणूस आत सहज धावेल एवढे. ‘भुयारी गटार’ म्हटलं की मैलाच आठवतो. सध्या ‘पावसाळी बोगदा’ ठेवलंय. बरा शब्द असेल तर सांगा.

रॉय स्वतःच्या अंगातली गोळी काढतो तो सीन काल रात्री तीनदा पाहिला. जखम दाखवतच नाहीत, नुसता घामेजलेला चेहरा. माझ्या फाइलीत तिथे एकही ओळ नाही.