सरकलेला तास

29 मार्च, रविवार. जळगाव.

आज सकाळी साडेसहाला, इथे ऊन नुकतं भिंतीवर चढत होतं तेव्हा, युरोपातली घड्याळं एक तास पुढे गेली. अमेरिकेतली 8 तारखेलाच गेली होती. आपलं घड्याळ बारा महिने जागचं हलत नाही. त्यामुळे परदेशात राहणाऱ्यांसोबत सायकोडायनॅमिक थेरपी (बोलण्यातून अबोध मनाचा माग घेणारा उपचार) करणाऱ्याच्या वहीत मार्च महिन्यात हमखास घोळ होतो. म्युनिकमधल्या माणसाचं दुपारी चारचं सेशन कालपर्यंत इकडे रात्री साडेआठला असायचं, ते आता साडेसातला. न्यूयॉर्कचं अंतर साडेदहा तासांवरून साडेनऊवर आलं. दुबईला घड्याळ बदलत नाही, तिथे वर्षभर दीड तासच.

तास कोणाच्या घड्याळाला बांधायचा, हे पहिल्याच भेटीत ठरवून लिहून ठेवावं. माझं मत ठाम आहे: येणाऱ्याच्या, म्हणजे थेरपी घेणाऱ्याच्या घड्याळाला. त्याच्या आयुष्यात आधीच पुष्कळ काही सरकलेलं असतं. आठवड्यातला एक वार आणि 45 ते 50 मिनिटांचा एक तास तरी त्याच्या भिंतीवरच्या घड्याळात तिथेच राहू द्यावा. चौकट पक्की असली की तिच्यावर येणारा ताण दिसतो: उशीर, विसरणं, शेवटच्या पाच मिनिटांत महत्त्वाचं बोलणं. घड्याळ बदललेल्या आठवड्यात कोणी तासभर चुकलं तर ती चूक घड्याळाची, तिथे अबोध मन शोधत बसू नये. दुसऱ्या आठवड्यातही तेच झालं तर मग विचारावं.

या थेरपीचा पाया घालणारे फ्रॉइड 1938 मध्ये व्हिएन्ना सोडून लंडनला गेले तेव्हा 82 वर्षांचे होते. रुग्ण ज्यावर आडवे होऊन बोलत तो त्यांचा कोचही सोबत गेला आणि लंडनच्या घरातली खोली जवळपास व्हिएन्नासारखीच मांडली गेली. देश सुटला तरी बसण्याची जागा तीच राहिली. व्हिडिओवर खोलीची ही मांडणी येणाऱ्यालाच करावी लागते, आणि त्याला ते कोणी सांगत नाही. लॅपटॉप दर वेळी त्याच टेबलावर, कानात हेडफोन, दार बंद. फ्लॅटमध्ये इतर लोक राहत असतील तर उभ्या केलेल्या गाडीत बसलेलं चालेल. गाडी चालवताना, फिरताना नाही. आधी आणि नंतर दहा-दहा मिनिटं मोकळी ठेवावीत, कारण दवाखान्यापर्यंतच्या वाटेत मन जे काम करतं त्याला इथे वाटच नाही. नेट गेलं तर कोणी कोणाला फोन करायचा, तेही आधीच ठरलेलं असावं. आणि एक बारीक गोष्ट: स्क्रीनवर शांतता आणि अडकलेलं चित्र सारखंच दिसतं. म्हणून थेरपिस्टने अधूनमधून किंचित हलावं, हुंकार द्यावा, नाहीतर ऐन रडू येण्याच्या क्षणी समोरचा विचारतो, "आवाज येतोय ना?"

पहिल्या तीन-चार भेटी ऐकण्याच्या. जायचं कोणी ठरवलं? मुंबईच्या विमानतळावर पोचवायला कोण आलं, कोण नाही आलं? शिक्षणाचं कर्ज कोणाच्या नावावर होतं? घरी फोनवर काय सांगायचं टाळता? झोप, जेवण, दारू आणि मरणाचे विचार यांबद्दल स्पष्ट शब्दांत विचारावं, आडून नाही. दर सेशनला तो आज कुठे बसला आहे ते नोंदवावं. त्याच शहरातल्या एका माणसाचा नंबर घ्यावा आणि तिथला आणीबाणीचा क्रमांकही लिहून ठेवावा: युरोपीय संघात 112, ब्रिटनमध्ये 999, अमेरिकेत 911 आणि मानसिक संकटासाठी 988, ऑस्ट्रेलियात 000. समोर कोणी नसताना आवाज ऐकू येत असतील, उन्माद असेल, आत्महत्येची तयारी झाली असेल, तर आधी तिथला मानसोपचारतज्ज्ञ. दूरवरच्या खिडकीतून ते काम होत नाही.

परवान्याकडे लोक दुर्लक्ष करतात. अमेरिकेत माणूस ज्या राज्यात बसला आहे, त्या राज्याचा परवाना थेरपिस्टकडे लागतो. जर्मनीत राहणाऱ्यांनी आधी तिथला सरकारी आरोग्य विमा पाहावा. अबोध मनाच्या अंगाने जाणाऱ्या थेरपीची आधी 60 आणि वाढवून 100 सेशन्सपर्यंत त्यात बसतात, पूर्ण मनोविश्लेषण 300 पर्यंत. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत नैराश्यासाठी याच घराण्यातली 16 सेशन्सची थेरपी आहे. मग जळगाव, धुळ्याकडचा मराठी थेरपिस्ट कशाला हवा? मला याचं एकच खरं उत्तर दिसतं: भाषा.

इंग्रजीत माणूस आपलं दुःख ऑफिसच्या रिपोर्टसारखं सांगतो. 'अँझायटी', 'बर्नआउट', सगळं जागच्या जागी. मग मध्येच "पण माय म्हणे" असं येतं आणि आवाजच बदलतो. भाषा कुठल्या शब्दापाशी वळली, ते थेरपिस्टने टिपावं. "माले करमत नही" या अहिराणी वाक्याचं लगेच 'डिप्रेशन' करू नये. ते वाक्य तसंच परत म्हणावं आणि थांबावं. पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. वडिलांवरचा राग, शरीरसंबंध, घटस्फोट हे कित्येकांना इंग्रजीतच बोलता येतं, कारण त्या शब्दांवरून लहानपणी कोणी रागावलेलं नसतं. मनोविश्लेषक राल्फ ग्रीनसन यांनी 1950 मध्येच एका रुग्णाबद्दल लिहून ठेवलं होतं, की जर्मनमध्ये आणि इंग्रजीत ती स्वतःला दोन वेगळी माणसं वाटायची. म्हणून मराठीचा आग्रह धरू नये. मराठी, अहिराणी, इंग्रजी, तिन्ही भाषांना दार उघडं ठेवावं आणि कोणती केव्हा आत येते ते पाहावं.

"तुम्ही कुठले? कोणाचे?" हा आपल्याकडचा पहिला प्रश्न, तो थेरपिस्टलाही येणारच. पुस्तकी थेरपिस्ट तिथे भिंतीसारखा गप्प बसतो; खानदेशी माणसाला तो अपमान वाटतो. एका वाक्यात गाव सांगावं आणि विचारावं, "ओळख निघाली असती तर काय झालं असतं?" मग खरी भीती बाहेर येते: आपलं बोलणं सोयऱ्याधायऱ्यांत जाईल. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे, हे सांगावंच. पण नात्यातला किंवा त्याच तालुक्यातला थेरपिस्ट नकोच.

पैशाचंही तसंच. युरोत कमावून रुपयांत फी देणाऱ्याला थेरपिस्टही दरमहा पैसे पाठवायच्या घरच्यांपैकी एक वाटू लागतो. फी वेळेआधी येते, जास्त येते, किंवा अचानक थांबते. हिशेब नीट करावा आणि त्यावर बोलावंही.

सगळ्यात जास्त वेळ खाणारा प्रश्न: "परत येऊ का?" समजा, चोपड्याकडचा मुलगा, नऊ वर्षं स्टुटगार्टला, घरी केळीची बाग, आबा सत्तरीचे. फायदे-तोट्यांचा तक्ता त्याने स्वतः दहा वेळा केलेला असतो. अकरावा थेरपिस्टने करू नये. प्रश्न केव्हा येतो ते पाहावं. कोणत्या फोननंतर? आबा म्हणतात, "आमचं काय, आम्ही मजेत", आणि फोन ठेवल्यावर हा रात्री एक वाजता तिकिटांचे दर पाहत बसतो. अपराधीपणाच्या खाली बहुतेक वेळा राग असतो: मला जा म्हणाले, आता परत ये म्हणत नाहीत. पण हे तिसऱ्या भेटीत सांगितलं तर आरोप होतो, आणि चौथी भेट होत नाही. त्याने स्वतः त्या दोन गोष्टी दोनदा तरी एकाशेजारी एक ठेवल्या की मग, तेही प्रश्नाच्या रूपात: "आबा मजेत आहेत म्हणतात तेव्हा राग येतो, आणि लगेच तिकीट पाहिलं जातं, असं होतं का?" एव्हाना हा थेरपिस्टलाही दर आठवड्याला "मस्त चाललंय" म्हणत असतो, अगदी आबांच्या सुरात. जुन्या नात्यातला सूर थेरपिस्टशी लागणं, ट्रान्सफरन्स म्हणतात ते हेच, आणि ते जिथे घडतं तिथेच दाखवता येतं.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तीन आठवड्यांवर आली. माहेरी येणाऱ्या कितीतरी जणींनी या दिवसांची रजा काढलेली असते. सुट्टीचं बोलणं चार ते सहा आठवडे आधी सुरू व्हायला हवं. या वर्षी ज्यांचं राहिलं, त्यांनी या आठवड्यात करावं. माहेराहून सेशन नको. भिंती पातळ असतात, आई चहा घेऊन येते, आणि जिच्याबद्दल बोलायचं तीच दारात उभी असते. सरळ खंड घ्यावा. परत पोचल्यावर चार-पाच दिवसांच्या आत पहिलं सेशन ठरलेलं असावं. नेमकं तेच रद्द करण्याचा निरोप येतो, बहुतेकदा विमानतळावरूनच: काम साचलंय, पुढच्या आठवड्यात बघू. उत्तरात वेळ बदलून देऊ नये. मंगळवार, दुपारी चार, तिकडच्या घड्याळाप्रमाणे, असं लिहून पाठवावं आणि त्या वेळी स्क्रीन उघडून बसावं.