व्हर्टस १.० ऑटोमॅटिक: घोडबंदर रोडवरचा तिसरा पावसाळा आणि इंजिनाचे तास

गाडी: फोक्सवॅगन व्हर्टस, १.० टीएसआय (एक लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन), सहा गिअरची ऑटोमॅटिक. २०२३ च्या पावसाळ्याआधी घेतली, पासिंग एमएच-०४. रोजचा रस्ता ठाण्यातलं कासारवडवली ते नवी मुंबईतलं महापे. ओडोमीटर तीस हजारांच्या थोडा अलीकडे.

मागच्या नोंदीत दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये ऑइल बदलल्याचं लिहिलं होतं. त्यावर बऱ्याच जणांचं म्हणणं एकच: कंपनी पंधरा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष म्हणते, गाडी नवी आहे, मग ही घाई कशाला? उत्तर सविस्तर देते, कारण या गाडीची देखभाल मी ज्या हिशोबाने करते तो सगळा यातच आहे.

संध्याकाळी महापेहून निघाले की साधारण पंचवीस किलोमीटरला दीड तास लागतो. सरासरी वेग पडतो ताशी सतरा किलोमीटरच्या आसपास. या वेगाने पंधरा हजार किलोमीटर व्हायला इंजिन जवळजवळ नऊशे तास चालावं लागेल. तीच गाडी कुणी एक्स्प्रेसवेवर ताशी साठच्या सरासरीने नेली, तर तेवढ्याच अंतराला अडीचशे तास पुरतात. ओडोमीटर दोघांचा सारखा, ऑइलने काढलेले तास मात्र साडेतीन पट. माजिवड्याच्या सिग्नलला गाडी उभी असते तेव्हा ओडोमीटर थांबतो, पण ऑइल पंप, टर्बो, एसीचा कंप्रेसर, रेडिएटरचा पंखा सगळं चालूच असतं. शिवाय समोरून वारा नाही, म्हणजे बॉनेटखाली उष्णता साठलेली.

वागळे इस्टेटमधल्या माझ्या ओळखीच्या मेकॅनिकला हे सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, सोसायटीच्या जनरेटरचं ऑइल आपण तासांवरच बदलतो की. तो कुठे चालत जातो?" ट्रॅक्टर आणि जेसीबीलाही तासांचाच मीटर असतो. ठाण्यातली मोटार दिवसाचा बराच वेळ त्यांच्यासारखीच जागेवर राबते, मग तिला वेगळा न्याय का लावायचा?

तासांची नोंद ठेवणं सोपं आहे. गाडीच्या डिस्प्लेवर 'इंधन भरल्यापासून' या पानावर गाडी चाललेला वेळ आणि सरासरी वेग दोन्ही दिसतात. पेट्रोल भरण्याआधी ते आकडे वहीत उतरवायचे आणि बेरीज करत जायचं. माझे वर्षाला सहाशेच्या जरा अलीकडे तास होतात. म्हणून चारशेच्या आत एकदा ऑइल आणि फिल्टर बदलते, वार्षिक सर्व्हिसिंग वेगळं. ऑइल गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या दर्जाचंच घ्या आणि बिल जपून ठेवा. वॉरंटीत कुणी विचारलं तर तोच कागद दाखवायचा आहे.

टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात आणखी एक गोष्ट होते. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यातलं थोडं भिंतीला लागून पिस्टनच्या रिंगांवाटे खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल नीट तापलं की ते उडून जातं. पण कुणाची गाडी रोज मानपाड्यापासून विवियाना मॉलपर्यंतच जात असेल तर ऑइल तापायच्या आतच इंजिन बंद होतं, आणि पेट्रोल त्यात साचत राहतं. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढून वास घ्या, कळतं. म्हणून पंधरवड्यातून एकदा तरी गाडी लांब काढते. नाशिकच्या रस्त्याने पडघ्याच्या पुढे जाऊन आलं तरी पुरतं.

सोसायटीतले एक काका दर रविवारी विचारतात, "अगं, नव्या गाडीचं बॉनेट कसलं उघडतेस?" मी त्यांना डिपस्टिक दाखवते. आता ते त्यांच्या गाडीचीही बघायला लागलेत.

गिअरबॉक्सबद्दल. व्हर्टसच्या १.५ लिटर इंजिनासोबत सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) येतो, दीडशे पीएसची ताकद येते, गर्दी नसताना दोन सिलिंडर बंद ठेवायची सोय येते. ते इंजिन मी चालवून पाहिलं आहे आणि ते सुरेख आहे. तरी मी एक लिटरवर थांबले ते रस्ता बघून. तो डीएसजी कोरड्या क्लचचा आहे. मुंगीच्या पावलांनी सरकताना कोरडा क्लच अर्धवट घसरत राहतो आणि तापतो. एक लिटरसोबत येणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये ते काम तेल करतं. कापूरबावडी ते गायमुख हा पट्टा रोजचा असेल तर माझं मत टॉर्क कन्व्हर्टरच्या बाजूने. रोज रिकाम्या रस्त्याने ऑफिसला जाणाऱ्यांनी डीएसजी जरूर घ्यावा. तीन सिलिंडरची हलकी थरथर सिग्नलला जाणवते, पण ११५ पीएस आणि १७८ एनएम एवढ्या गाडीला कमी नाहीत. लोणावळ्याचा घाट पाच माणसं आणि भरलेली डिक्की घेऊन ती न कुरकुरता चढते.

आता पावसाळा. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर छोट्या गाड्यांचा टोल माफ झाला, तेव्हापासून मी कळवा-विटावा सोडून मुलुंड-ऐरोली पुलाने जाते. टोल वाचतो तो वेगळाच, मला हायसं वाटलं ते विटाव्याच्या रेल्वे पुलाखालून सुटले म्हणून. जोराच्या पावसात तिथे पाणी भरतं. व्हर्टसचा ग्राउंड क्लिअरन्स १७९ मिलिमीटर आहे, सेडानसाठी भरपूर, पण पाण्यात तो आकडा उपयोगाचा नाही. तिथे बघायचं ते हवा खेचणारं तोंड किती उंचीवर आहे आणि समोरचा ट्रक लाट केवढी उठवतो आहे. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत दिसलं की मी गाडी वळवते. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं तर पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही, ढकलून बाहेर काढायची आणि टोइंगला फोन करायचा. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान सहसा धरत नाहीत, इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. ठाण्यात राहणाऱ्याने झिरो डेप्रिसिएशनच्या (सुट्या भागांची घसारा न कापता भरपाई देणाऱ्या कव्हरच्या) आधी हे कव्हर बघावं, एवढं मला ते गरजेचं वाटतं.

पावसाळ्यातल्या सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकना करकर आवाज येतो. पुढच्या डिस्कवर रात्रीत धरलेला गंज पॅड खरवडून काढतात, त्याचा तो आवाज. सोसायटीच्या गेटपर्यंत तो थांबतो. पुढेही राहिला तर मात्र पॅड तपासून घ्या. बंपर टू बंपर चालणाऱ्या ऑटोमॅटिकचे पुढचे पॅड लवकर झिजतात. मी चाक काढल्यावर दर वेळी जाडी बघते, अजून भरपूर आहे.

धूळ हा आमच्या भागाचा खरा शत्रू. मेट्रो ४ चं काम, खणलेले सर्व्हिस रोड, रेतीचे डंपर. एसीचा फिल्टर पहिल्या वर्षी सहा महिन्यांतच काळा झाला होता, आणि एसी कमी गार करतोय असं घरच्यांना वाटायला लागलं होतं. फिल्टर बदलला आणि हवेचा झोत पुन्हा पहिल्यासारखा झाला. तो घरच्या घरी बदलता येतो, त्यासाठी सर्व्हिस सेंटरच्या रांगेत जायची गरज नाही. इंजिनचा एअर फिल्टर दिवाळीच्या सुमारास काढून बघते.

एस्टिमेटमध्ये इंजेक्टर क्लीनिंग, डिकार्बनायझिंग, थ्रॉटल क्लीनिंग अशी नावं कुठल्याही गॅरेजात दिसतील. गाडीच्या पुस्तकातला सर्व्हिसिंगचा तक्ता फोनमध्ये फोटो काढून ठेवा. तक्त्यात नाही आणि गाडीत तक्रारही नाही, तर ते जॉबकार्डावरून काढायला सांगा. त्या पैशांत चांगलं ऑइल दोनदा येतं.

या पावसाळ्यात दोन गोष्टी झाल्या. येऊरच्या पायथ्याजवळ एका नातेवाइकांकडे गाडी रात्रभर उभी होती, तिथे उंदराने काचेवर पाणी मारायची नळी कुरतडली. वायरिंगला तोंड लावलं नाही हे नशीब. आता तिथे गेले की कचऱ्याच्या डब्यापासून लांब लावते आणि निघण्याआधी बॉनेट उघडून बघते. दुसरं, एका खड्ड्यात पुढचा डावा टायर आपटला आणि साइडवॉलला टेंगूळ आलं. आतल्या दोऱ्या तुटल्या की असा फुगवटा येतो. तो दुरुस्त होत नाही आणि टायर त्या जागी कधीही फुटू शकतो. स्टेपनी लावून थेट टायरवाल्याकडे गेले, नवा टायर आणि अलाइनमेंट करून घेतली.

टायरची हवा कमी झाल्याचा इशारा आमच्या व्हेरियंटमध्ये आहे, पण तो कसा चालतो ते समजून घ्या. टायरमध्ये वेगळे सेन्सर नाहीत. एबीएसचे सेन्सर चाकांचे फेरे मोजतात. एका टायरची हवा कमी झाली की त्याचा घेर घटतो, ते चाक इतरांपेक्षा जास्त फिरतं, आणि दिवा लागतो. चारही टायरची हवा महिन्याभरात सारखीच उतरली तर फेऱ्यांत फरक पडत नाही, दिवाही लागत नाही. म्हणून पंधरा दिवसांनी गेजने हवा बघणं सुटलेलं नाही. हवा भरल्यावर सिस्टिम रीसेट करायलाही विसरू नका.

डिक्कीच्या बाजूने टकटक आवाज येत होता, त्याचा माग लागला. रंबलरवर जास्त, गुळगुळीत रस्त्यावर गप्प. मागच्या सीटचे बेल्ट लावून पाहिले, स्टेपनी आणि जॅक काढून पाहिला, लेकीला मागे बसवून कान द्यायला लावला. शेवटी डिक्कीच्या झाकणावर मुठीने हलकं ठोकलं तेव्हा सापडलं: हाय सिक्युरिटी नंबर प्लेटचा खालचा काठ पत्र्यावर आपटत होता. मागे फोमच्या टेपच्या दोन पट्ट्या लावल्या आणि आवाज गेला. असा आवाज येणाऱ्यांनी सस्पेन्शन उघडायच्या आधी नंबर प्लेट दाबून बघा.

सुरक्षेबद्दल. एप्रिल २०२३ मध्ये गाड्यांच्या टक्कर चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपने व्हर्टस आणि तिची स्कोडातली बहीण स्लाव्हिया यांना मोठ्यांसाठी ३४ पैकी २९.७१ आणि मुलांसाठी ४९ पैकी ४२ गुण दिले, दोन्हीकडे पाच तारे. बॉडी स्थिर असल्याचा शेराही मिळाला. गाडी निवडताना माझ्यासाठी हीच गोष्ट सगळ्यात वजनदार होती. पण समोरची टक्कर तिथे ताशी ६४ किलोमीटरने करतात आणि डमीने बेल्ट लावलेला असतो. आपण बेल्ट लावला नाही तर त्या ताऱ्यांना काही अर्थ नाही.

आई मागे बसते. तिला सुरुवातीला साडीवरून बेल्ट नको वाटायचा. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांचा अपघात झाला. मागे बसलेले दोघेही गेले, त्यांनी बेल्ट लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं, आणि ती गाडी सुरक्षेत नावाजलेली होती. गुजरातकडे जाताना घोडबंदरवरून आपण त्याच महामार्गाला लागतो. मी आईला एवढंच सांगितलं की मागचा माणूस सुटा असेल तर तो पुढच्या सीटवर पूर्ण वजनाने आदळतो, आणि पुढे तिची नात बसायला लागेल तेव्हा? आता आई बसल्या बसल्या बेल्ट ओढते आणि बाबांनाही लावायला लावते. मागच्या बेल्टसाठी हजाराचा दंड आहे, चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तरीही तेवढाच. लेकीची सीट आयसोफिक्सवर (गाडीच्या सीटमधल्या पक्क्या कड्यांवर) आहे, वरचा पट्टाही ओढून लावलेला. तो पट्टा सैल ठेवलेल्या सीट मी सोसायटीत नेहमी पाहते. कृपा करून ओढून बघा.

व्हर्ना आणि सिटीमध्ये एडास (धोका ओळखून इशारा देणारी, गरज पडली तर ब्रेक लावणारी यंत्रणा) मिळतो, माझ्या व्हर्टसमध्ये नाही. घोडबंदरवर त्याची उणीव भासत नाही, कारण दोन्ही बाजूंनी दुचाकी घुसत असतात आणि तो सारखाच इशारे देत बसला असता. एक्स्प्रेसवेवर रात्री उशिरा परतताना आपोआप लागणारा ब्रेक असता तर बरं झालं असतं.

अॅव्हरेज: शहरात लिटरला नऊ ते दहा, एक्स्प्रेसवेवर मर्यादेत चालवलं तर सतराच्या पुढे. ई२० मुळे (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे) किती घटलं असं विचारणाऱ्यांसाठी: इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणजे निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत ई२० च्या लिटरमध्ये साधारण सात टक्के कमी आणि ई१० च्या तुलनेत त्याच्या निम्मी. माझ्या वहीत शहरातल्या आकड्यांवर ट्रॅफिकचा आणि एसीचा परिणाम याहून कितीतरी जास्त दिसतो. इथेनॉल पाणी धरतं, म्हणून गाडी महिनाभर उभी ठेवणार असाल तर जुनं पेट्रोल टाकीत तसंच ठेवू नका.

पुढच्या सर्व्हिसिंगला ब्रेक फ्लुइड बदलणार आहे. तेही हवेतला ओलावा शोषतं, आणि आपल्याकडे ओलाव्याला तोटा नाही. बॅटरीही तपासून घेणार. मी स्टार्ट-स्टॉप (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणारी सोय) बंद ठेवते, तरी तिच्यावरचा ताण गर्दीतल्या छोट्या फेऱ्यांचाच आहे.

१.५ डीएसजीवाल्यांपैकी कुणी कळवा, भिवंडी किंवा वाशीच्या बाजूला रोज चालवत असेल, तर सरासरी वेग आणि वर्षाचे तास एवढे दोनच आकडे लिहून पाठवा. माझ्या वहीशेजारी तुमचे आकडे मांडून बघायचे आहेत.